रविवारचा रंग

मंगळवार, ३ जून

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील, असं धरून लिहितेय. न फोडलेल्या पत्रात माणूस जरा मोकळा होतो. आणि फोडलंसच, तर उभ्याउभ्याच वाच. बसलीस की तुला राग सावकाश येतो आणि मग उतरत नाही.

तीन वर्षांत एक फोन केला नाही. का केला नाही, याची माझ्याकडे बरीच कारणं आहेत, पण आमच्या धंद्यात म्हणतात की ज्याच्याकडे एकापेक्षा जास्त कारणं असतात त्याच्याकडे एकही नसतं.

काम तेच. कुणाचं दुकान जळतं, कुणाची भिंत खचते, कुणाच्या गोदामात पाणी शिरतं. विमा कंपनी आम्हाला पाठवते: बघून या, खरंच झालं का आणि कशानं झालं. भाऊजी म्हणायचे ना, "बारके, तू म्हणजे मयताला येऊन 'पण हे नक्की गेलेत ना?' असं विचारणारी पाहुणी." परवाच एका कापडवाल्याकडे गेले होते. म्हणाला, दुकानात गळ्यापर्यंत पाणी होतं. भिंतीवरचं कॅलेंडर मात्र कोरडं ठणठणीत. विचारलं, तर म्हणतो, "मॅडम, ते पाणी ओसरल्यावर नवीन लावलं." कॅलेंडर मागच्या वर्षीचं होतं. असं काही सापडलं की अजूनही बरं वाटतं मला. खोटं लपवायला लोक इतके कमी कष्ट घेतात याचं वाईट वाटतं, पण बरं वाटतं.

लिहायला बसले ते एका यादीमुळे. जागेवरून आणलेले नमुने, म्हणजे जळक्या वायरी, तुटलेले बोल्ट, गिलाव्याचे तुकडे, आम्ही तीन वर्षं पेट्यांत जपून ठेवतो. दर जूनमध्ये मुदत संपलेल्यांची यादी निघते. विभागप्रमुखाने सही केली की सगळं चुरा करायला जातं. विभागप्रमुख मी आहे. यंदाच्या यादीत एकशे बारा पेट्या आहेत. चौसष्टावी अशी: "गिलाव्याचा तुकडा, रंगासह. बुकबाइंडिंगची शेड, पूर्वेकडील भिंत."

तुमचीच शेड, ताई.

सगळं नियमाप्रमाणे आहे. तुला माहीत आहेच, त्या फाईलला मी हात लावला नव्हता. क्लेम सख्ख्या बहिणीचा आहे हे पहिल्याच दिवशी लेखी कळवून मोकळी झाले होते. तपासणीला टॉर्चसाहेब आले. भरदुपारीही कपाळावर टॉर्च बांधून फिरतात म्हणून आम्ही त्यांना तसं म्हणतो. त्यांना भिंतीच्या भेगेत आतपर्यंत रंग दिसला. भेग आधी पडली असेल तरच रंग आत जातो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. म्हणून त्यांनी लिहिलं की भेग जुनी, शेजारच्या प्लॉटवर बांधकामासाठी खणलेल्या खड्ड्याशी तिचा संबंध नाही. जुन्या भेगेला विमा लागू नाही. क्लेम फेटाळला. तसा रिपोर्ट पाहून खड्डा खणणाऱ्यानेही हात झटकले. यात माझं काही नव्हतं.

यादीवर २७ तारखेपर्यंत सही करायची आहे. तुला कळवावंसं वाटलं, एवढंच.

बारकी


सोमवार, ९ जून

ताई,

आज भाऊजी भेटले. त्यांनी घरी सांगितलं असेल किंवा नसेल, म्हणून लिहितेय.

एका छापखान्यात मोटार जळाल्याचा छोटा क्लेम होता. मालकाने कागद कापायच्या मशीनकडे नेलं आणि म्हणाला, "हे आमचे मास्तर. नवीनच आहेत. नवीन म्हणजे झाली की अडीच वर्षं. आधी स्वतःचा कारखाना होता यांचा. मास्तर, मॅडमना स्टूल द्या."

भाऊजींनी स्टूल आणलं. खिशातल्या रुमालाने पुसलं. माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण वीजमीटर वाचायला आलेल्या माणसाकडे पाहतो.

"मॅडम," ते म्हणाले, "मोटार पुसून ठेवू का? की असू दे काळीच?"

"असू दे."

"नाही, विचारून घेतलेलं बरं. आमच्याकडे एकदा साहेब यायचे म्हणून आवरून ठेवलं होतं. फार महागात पडलं."

मालक हसला. त्याला वाटलं, मास्तर गमतीत आहेत. मी मोटारीचा नंबर लिहून घेतला, दोनदा चुकीचा.

निघताना ते दारापर्यंत आले. हात पुसत, कुणी ऐकत नाही ना हे बघत, न विचारताच म्हणाले, "ती बरी आहे. गुडघा दुखतो. तुझा विषय काढत नाही."

"रागावलीये?"

"रागावली असती तर विषय काढला असता."

आणि आत गेले. मशीनचं पातं खाली आल्याचा आवाज मी रस्त्यापर्यंत ऐकला. तो आवाज मला पाठ आहे. तुझ्याकडे सुट्टीला आले की सकाळी त्यानेच जाग यायची. दुसऱ्याच्या मशीनवरही भाऊजी तसंच कापतात, एका दमात.

तर आता ती गोष्ट, जी तुला माहीत आहे, मला माहीत आहे आणि ज्या रिपोर्टला मी हात लावला नव्हता त्यात नाही.

भेग गुरुवारी पडली. तू त्याच संध्याकाळी फोन केलास, म्हणालीस की भिंतीत बोट जातंय. मी म्हणाले, कंपनीला कळव, आता माझ्याशी या विषयावर बोलू नकोस, नियम आहे. मग शनिवारी दुपारी मीच तुला फोन केला. कँटीनच्या बाहेरच्या बोळातून. म्हणाले, "ताई, सोमवारी आमचा माणूस येतोय. फार काटेकोर आहे. जरा आवरून ठेव."

मला म्हणायचं होतं, भिंतीजवळचे कागदाचे गठ्ठे हलव, त्याला भेग नीट दिसू दे. पण आपल्या घरात आवरणं म्हणजे काय हे मी विसरले. पाहुणे येणार म्हटलं की आई दिव्याचा बल्बसुद्धा पुसायची. तू तिची मुलगी. रविवारी तू भिंत रंगवलीस.

भाऊजी तेव्हा म्हणाले असणारच, "अगं, मोडलेला पाय डॉक्टरला दाखवायला जाताना कुणी पायाला पावडर लावतं का?" म्हणाले ना?

भेग एवढी रुंद की ब्रश आत गेला. ब्रश आत गेला, रंग आत गेला. सोमवारी शेडमध्ये सरस उकळत होता, त्या वासापुढे ताज्या रंगाचा वास काय येणार. टॉर्चसाहेबांनी विचारलं, "हा रंग कधीचा?" तू म्हणालीस, "झाले की बरेच दिवस."

ते वाक्य रिपोर्टमध्ये आहे. रिपोर्ट मी वाचला होता, ताई. हात न लावता.

बारकी


मंगळवार, १७ जून

ताई,

मागच्या पत्रात एक वाक्य गाळलं. लिहिताना गाळलं हे कळत होतं, तरी गाळलं. मी लोकांच्या जबाबातली अशी भोकं शोधून पोट भरते, त्यामुळे आठवडाभर त्या भोकात माझंच बोट होतं.

फोनवर मी "जरा आवरून ठेव" एवढंच म्हणाले नव्हते. पुढे म्हणाले होते, "ऑफिसात माझी शोभा होऊ देऊ नकोस."

गठ्ठे हलवायला सांगणाऱ्या बाईला हे वाक्य कशाला लागतं? तुमच्या शेडमध्ये पोपडे आलेल्या भिंती, सरसाचे डाग, छपराला बांधलेली दोरी, आणि ते सगळं माझ्या ऑफिसचा माणूस बघणार. ते मला नको होतं. मी सूट घालते, ताई. तुला बरोबर ऐकू आलं. तू माझ्यासाठी रंगवलीस.

आणि "बरेच दिवस झाले" हेही माझ्यासाठीच. रविवारी रंगवलं म्हणालीस तर तो विचारणार, रविवारीच का? मग फोन निघणार, आणि क्लेम करणाऱ्या नातेवाइकाला आतून फोन केला म्हणून माझी नोकरी जाणार. आठवीत मी बाबांचा रेडिओ उघडला आणि मला तो जोडता येईना, तेव्हाही तू असंच पटकन म्हणालीस, "मी उघडला." बाबांनी तुझ्या हातात पुन्हा कधी स्क्रू-ड्रायव्हर दिला नाही. आणि मला इंजिनिअर केलं.

आता राहिलेलं. एका दमात लिहिते, नाहीतर पुन्हा भोक राहील.

क्लेम फेटाळल्यावर महिन्याभराने मी ती पेटी उघडली. सगळे जेवायला गेले होते. तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि रंगाची कड सुरीने उचलली. जुन्या भेगेत आधी धूळ बसते, मग तिच्यावर रंग. रंग सोलला की त्याच्या पाठीला धूळ चिकटून येते, जशी शिळ्या साईला येते. इथे धुळीचा कण नव्हता. खाली वाळूचे दाणे स्वच्छ चमकत होते, साखरेसारखे. नुकतीच तुटलेली भिंत. शंका घ्यायला जागाच नाही. आणि रंगात एक राठ काळा केस अडकला होता. भाऊजींच्या सरसाच्या ब्रशाचा. रंगाचा ब्रशसुद्धा नव्हता गं तुझ्याकडे.

टॉर्चसाहेबांनी रंग सोलून पाहिलाच नव्हता. तू "बरेच दिवस" म्हणालीस, त्यांना तेवढं पुरलं. मला जे दिसलं ते मी त्यांना सांगू शकत होते. मग ते विचारणार, तुम्हाला सोलून पाहायचं का सुचलं?

मी तुकडा परत ठेवला, पेटीला नवीन चिकटपट्टी लावली आणि जेवायला गेले. जेवले पण.

त्या महिन्यात विभागप्रमुखाच्या खुर्चीचं ठरत होतं. माझं ठरलं. का ठरलं ते ऐक, तुला हसू येईल. मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "सख्ख्या बहिणीचा क्लेम फेटाळला गेला, पण बाईंनी ब्र काढला नाही. याला म्हणतात निःपक्षपात." तेव्हापासून नवीन भरती झालेल्यांना मी दर वर्षी एक तास शिकवते, आप्तांचे क्लेम आले तर आदर्श वागणूक कोणती. उदाहरण म्हणून मीच उभी असते. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुमच्या बहिणीला वाईट नाही वाटलं?" मी म्हणाले, "ती समजूतदार आहे." वर्गाने वहीत लिहून घेतलं.

शेड बंद करायचा हुकूम निघाला, मशीन विकलं गेलं, भिंतीला टेकू लागले, हे मला तिसऱ्याकडून कळत गेलं. फोन केला नाही, कारण तू उचललास तर तू मला दोष देणार नाहीस याची खात्री होती. ते ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

भिंत अजून उभी आहे असंही कळलं. पण तिच्यात आता तीन वर्षांची धूळ आणि पाणी गेलंय. ती भेग आज खरोखरच जुनी आहे, उद्या कुणीही येऊन तपासो. त्या सोमवारचं खरं फक्त पेटीत राहिलंय. आणि पेटीवर २७ तारखेला माझी सही.

सही केली तर मी सुटले. तुला कळलं पाहिजे म्हणून लिहितेय की गेले दोन आठवडे मी पेन घेऊन बसते आणि यादी वरपासून वाचते. त्रेसष्टपर्यंत वाचते.

बारकी


मंगळवार, २४ जून

ताई,

पाकीट मिळालं. आत एक अक्षर नाही. फक्त रंगाच्या दुकानाचं बिल, पांढरा डिस्टेंपर, एक डबा. वर दुकानाचा शिक्का, खाली तारीख. तो रविवार.

म्हणजे हे तुझ्याकडे होतं. तीन वर्षं. भेग गुरुवारी पडली हे तू कंपनीला शुक्रवारीच कळवलं होतंस, त्याची पोच फाईलमध्ये आहे. रंग रविवारचा. हे एक बिल टॉर्चसाहेबांसमोर टाकलं असतंस तर क्लेम उभा राहिला असता, आणि त्याबरोबर माझा फोनही.

बिल उलटून पाहिलं. सवय. मागे टॉर्चसाहेबांचा फोन नंबर आहे, तुझ्या अक्षरात, निळ्या शाईत. तो काळ्या शाईने खोडलाय. म्हणजे लिहिलं एका वेळी, खोडलं दुसऱ्या वेळी, दुसऱ्या पेनने. खोडताना जोर इतका की कागद पुढच्या बाजूने उठलाय. मध्ये किती दिवस गेले ते शाईवरून सांगता येत नाही. तेवढं मात्र मला कुणीतरी सांगायला हवं, पण विचारायची हिंमत नाही.

बिलाच्या कडा सरळ कापल्यात. फाटलं असेल, म्हणून भाऊजींनी छापखान्यातल्या मशीनवर नीट केलं असणार. तुमच्या घरात पुरावासुद्धा आवरून पाठवतात.

बाकी काही लिहवत नाही.

बारकी


शुक्रवार, २७ जून

ताई,

यादीवर सही केली. एकशे अकरा पेट्यांना. चौसष्टाव्या ओळीसमोर "राखून ठेवावे" असं लिहिलं. असं लिहिलं की शेजारी कारणाचा रकाना भरावा लागतो. एवढासा रकाना, जेमतेम एक ओळ मावेल. पंचवीस वर्षांत मी या रकान्यांमध्ये काय काय भरलंय, "अधिक तपासणी आवश्यक", "न्यायप्रविष्ट", कुणाला काही कळू नये इतकं स्वच्छ. आज लिहिलं, "क्लेम करणारी माझी बहीण. तपासणीआधी तिला मी फोन केला. भेग ताजी होती हे मी नंतर स्वतः पाहिलं आणि लपवलं." तीन वाक्यं. दुसरं रकान्याबाहेर गेलं, तिसरं पासष्टाव्या ओळीत, कुणाच्यातरी जळक्या मिक्सरवर.

बिल सोबत जोडलं. झेरॉक्स काढून घेतली.

मोठ्या साहेबांनी दार लावून घेतलं. बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "बाई, आता? तीन वर्षांनी? सही केली असती तर कुणाला कळणार होतं?"

"साहेब," मी म्हणाले, "कुणाला कळणार नाही ते शोधून काढायचाच पगार घेतो ना आपण?"

"विनोद करू नका."

"नाही करत."

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "नवीन पोरांना मी तुमचं उदाहरण देतो हो." आवाज खरंच दुखावलेला होता. माझ्यामुळे दुखावलेल्यांच्या रांगेत आता तेही आले. पण त्यांच्या मागे दुसरं कुणी उभं राहणार नाही, असं ठरवलंय.

टॉर्चसाहेब मात्र बोळात भेटले. कपाळावर टॉर्च होताच. म्हणाले, "मी सोलून बघायला हवं होतं." एवढंच, आणि पुढे गेले. मला वाटलं होतं, शिव्या देतील. लोक हवं तेव्हा शिव्यासुद्धा देत नाहीत.

आता पुढचं, नीट समजून घे. पेटी सील करून बाहेरच्या प्रयोगशाळेत गेली. माझ्या हातचं सोलपट सोडून उरलेला रंग ते तपासतील. तुझी फाईल पुन्हा उघडली आहे. तुला लेखी पत्र येईल, त्यात बोलावतील. क्लेम मिळेलच असं मी म्हणत नाही. नवीन साहेब येतील, तू आधी खोटं का बोललीस असं विचारतील. मी जे लिहून दिलंय तेच सांग, माझं नाव घेऊन, फोनसकट. या वेळी "मी उघडला" म्हणू नकोस. तू बोलायच्या आधीच रेडिओ मी उघडला हे कागदावर गेलंय.

मला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. परत बोलावतील की नाही माहीत नाही. टेबल रिकामं केलं तर एका पिशवीत मावलं. सुरी, भिंग, टेप, आणि शिकवण्याच्या तासाच्या नोट्स. नोट्स शेवटी कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. मग पुन्हा काढून घेतल्या. त्यात कोरी पानं बरीच आहेत, भाऊजींना वहीला उपयोगी पडतील.

रविवारी येते. सकाळीच निघेन, अकरापर्यंत पोचेन. मला शेडमध्ये जायचंय, टेकू लावलेली ती भिंत बघायचीय, आणि मग तुझ्यासमोर बसायचंय. तू काय बोलायचं ते तू ठरव. नाही बोललीस तरी बसेन.

फक्त एक सांगते, आणि या वेळी अर्धं सांगत नाही. मी येणार म्हणून घरात काहीही आवरू नकोस. आहे तसं असू दे. मला बघू दे.

बारकी